लेक बर्फावर उभी होती

लेक नेदरलँडला नोकरीला गेली तेव्हापासून रविवारचा फोन ठरलेला. ती कुठंतरी फिरायला जायची आणि तिथूनच व्हिडिओ कॉल लावायची. मुकुंदवाडीच्या आमच्या गच्चीवर बसून मी आणि हे, माझे यजमान, तिच्याबरोबर तो देश बघायचो. एप्रिलमध्ये तिनं ट्यूलिपची शेतं दाखवली, लाल-पिवळे पट्टे पार आभाळाला टेकलेले. उन्हाळ्यात कालव्याच्या काठानं ओळीनं उभ्या असलेल्या जुन्या पवनचक्क्या.

"आपल्या पाणचक्कीसारखं दळतात का त्या?" यांनी विचारलं.

"नाही पप्पा, पाणी उपसायच्या. आत्ता मी जिथं उभी आहे ना, तिथं समुद्राची पातळी माझ्या डोक्याच्या वर आहे."

यांचं जन्मगाव पैठणच्या धरणात गेलंय. सहा-सात वर्षांचे असताना बैलगाडीत बसून गाव सोडलेलं. फोन ठेवल्यावर म्हणाले, "मग ते पाणी त्यांनी कुठं ठेवलंय?" त्या दिवसापासून लेक काहीही दाखवू दे, हे फुलं-इमारती बघायचेच नाहीत. मागं पाणी किती आहे ते बघायचे.

गेल्या थंडीत तिथली तळी गोठली. तिचा फोन आला तेव्हा आमच्याकडं दिवेलागण झाली होती, मी हरभऱ्याचे घाटे सोलत होते. तिच्याकडं दुपार.

"आई, बघ, तळ्यावर उभी आहे मी."

सगळं गावच तळ्यावर आलेलं. लहान पोरं लाकडी खुर्च्या पुढं ढकलत घसरायला शिकत होती. काठावर वाटाण्याचं दाट सूप विकायला होतं. मला मजा वाटली. मग तिनं फोन खाली वळवला. बर्फ काळ्या काचेसारखा होता, आत पांढऱ्या रेघा गेलेल्या.

तेवढ्यात आवाज आला. ताणलेली तार कुणी सोडावी तसा. लांबून निघाला आणि तिच्या पायाखालून पलीकडं गेला.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"बर्फ गातो म्हणतात इथले लोक. काही होत नाही."

"मागं फिर," हे म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

"पप्पा, लई घाबरता तुम्ही. एवढी माणसं आहेत..."

चित्र हललं. आभाळ दिसलं, कुणीतरी परक्या भाषेत ओरडलं आणि फोन बंद पडला.

मी परत परत लावला, लागेना. तिथल्या दुसऱ्या कुणाचा नंबर आमच्याकडं नव्हता. हे जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. मी घाटे सोलतच राहिले, हात थांबवायची भीती वाटत होती. मध्येच हे म्हणाले, "धरण आटलं की आमच्या देवळाचा कळस दिसतो. बाकी काहीच नाय दिसत."

"गप बसा," मी म्हटलं.

दीड तासानं अनोळखी नंबरवरून फोन आला. तिचे दात वाजत होते. तिच्यापुढं चाललेले एक म्हातारे गृहस्थ बर्फ फुटून कमरेपर्यंत आत गेले होते. ही पोटावर आडवी झाली, मफलर टाकला; मागून दोघांनी हिचे पाय धरले. आजोबा निघाले, हिचा फोन तळ्यात गेला.

"मला काही झालं नाही आई. हात तेवढे भिजले. शेजारणीच्या फोनवरून बोलतेय."

यांनी फोन घेतला, "बरं" म्हणाले आणि परत माझ्या हातात दिला. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

आता लेक फिरायला गेली की तिथून कॉल लावत नाही. घरी पोचल्यावर फोटो पाठवते, हसतानाचे. रविवारी दुपारपासून हे फोन समोर ठेवून बसतात.

"आज कुठं गेली असंल?" म्हणून विचारतात. मला ठाऊक नसतं.