धैंचा, फुलायच्या आत

मी तीस वर्षं भूगोल शिकवला. भातशेतीचा धडा तर मला इतका पाठ होता, की फळ्याकडे पाठ करून मी शेताचे बांध काढत असे. पण एवढ्या वर्षांत भाताच्या चिखलात मी पाय घातला नव्हता. तरीही लग्नकार्यात कुणी नवीन भेटलं, की "आम्ही मुळात शेतकरी हो" हे वाक्य मी हमखास टाकायचे. समोरचा माणूस माझ्या इस्त्रीच्या साडीकडे बघून मान डोलवायचा आणि मला फार बरं वाटायचं.

शेतकरीपणाचा माझ्याकडे असलेला एकुलता एक पुरावा पनवेलजवळच्या कोन गावात आहे. बाकीची जमीन रस्त्यात गेली, थोडी वडिलांच्या हयातीतच विकली गेली, आणि भाताचा एक तुकडा उरला. मी राहते रोडपालीला, चौथ्या मजल्यावर. शेत कसतात ती डोंगराच्या कडेच्या वाडीतली काकी, नात्याची नव्हे, नुसती हाक मारायची, आणि तिचा नवरा. वडिलांच्या वेळेपासूनची ही पद्धत. मेहनत त्यांची, जमीन माझी, आलेलं भात अर्धं अर्धं. माझ्या वाट्याचा तांदूळ मी सोसायटीत "आमच्या शेतातला" म्हणून डबे भरभरून वाटते. काकी माझ्याहून वयाने मोठी, पण मी तिला 'तू' म्हणते आणि ती मला 'तुमी' म्हणते. यात काही चमत्कारिक आहे, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

माझ्यासाठी तो तांदूळ म्हणजे मिरवायची वस्तू होती. काकीचा सगळा हिवाळा त्यावर ठरायचा. वाडीतली बहुतेक माणसं दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. काकीही अर्धं आयुष्य तशीच गेली. तिथून ती खोकला घेऊन यायची, तो जेमतेम कमी व्हायचा आणि पुन्हा दिवाळी यायची. पण अलीकडची तीन वर्षं भात चांगलं आलं, घरातली कणगी भरली, आणि दोघंही नवराबायको घरीच राहिली. खोकला जवळजवळ थांबला होता. शेतात चांगलं पिकलं तर काकी घरी, नाही पिकलं तर भट्टीवर, इतकं ते सरळ होतं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मी निवृत्त झाले.

निवृत्त शिक्षिकेच्या हातात मोबाइल आणि मोकळा वेळ एकदम आला, की कुणीतरी सुधारलं जाणारच. एप्रिलमधल्या एका सकाळी मी शेतावर गेले, तर काकीने राबाचा पहिला वाफा पेटवला होता. आमच्याकडे भाताची रोपं जिथे करायची, त्या वाफ्यावर झाडाच्या फांद्या, शेण, पालापाचोळा असे थर लावून ते भाजतात. तण जळतं, राखेवर रोपं तरारून येतात. पिढ्यान् पिढ्या चालत आलेली रीत. मी मात्र नाकाला रुमाल लावून बांधावर उभी राहिले आणि म्हणाले, "काकी, हा धूर कुठे जातो, माहीत आहे?"

काकीने वर बघितलं आणि म्हणाली, "वर जातो."

यावर मी तिला वातावरण, कार्बन आणि तापणारी पृथ्वी असा पूर्ण तासिकेचा धडा दिला. तिने तो फांदीने निखारे सारखे करत करत ऐकला. उरलेले वाफे भाजू नकोस, असं बजावून मी घरी आले, एसी लावला आणि भाताला राबाऐवजी काय, हे शोधत बसले. एसीचाही धूर कुठेतरी निघत असणार, हे मला त्या वेळी सुचलं नाही.

मला सापडला तो धैंचा. हिरवळीच्या खताचं पीक. भाताआधी पेरायचं, दीड महिना वाढू द्यायचं आणि हिरवंगार असतानाच चिखलात गाडायचं. त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरून ठेवतात, म्हणजे युरिया कमी लागतो. मुसळधार पावसात उघडी माती वाहून जात नाही. गाडलेला पाला मातीत मिसळून ती भुसभुशीत होते, हवेतला थोडा कार्बन जमिनीत जातो. हे सगळं खरं आहे, आजही मी त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. घोटाळा धैंच्यात नव्हताच.

पनवेलच्या बाजारातून मी बियाणं आणलं. शेजारच्या बोअरचं पाणी मागून काकीने ते मे संपताना पेरलं. मला वाटलं होतं, ती नाराज असेल. पण रोपटी वीतभर झाली तेव्हा तिने एक उपटून मुळं बघितली, गाठी चोळून बघितल्या आणि म्हणाली, "चांगलं हाय. आमी पन पयले टाकल्याचा पाला तुडवायचो चिखलात. त्याचाच भाऊ दिसतोय हा." म्हणजे जे मी मोबाइलवर शोधून काढलं होतं, ते तिची आई पायाने करत होती. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

जुलैमध्ये धैंचा छातीएवढा झाला. भाताची रोपंही लावणीला आली होती. एका सकाळी काकीने मला हाताला धरून शेतात नेलं. मी स्पोर्ट्स शूज घातले होते, ते चिखलातच राहिले. तिने धैंच्याच्या खोडात अंगठ्याचं नख रुतवलं. नख लोण्यात जावं तसं आत गेलं. "बगा बाई. आज नख जातंय. आज पुरायचा. फुलं आली की खोड बांबू होतंय, मंग तो कुजत नाय."

पण शेंड्यांवर पिवळ्या कळ्या दिसत होत्या, आणि माझ्या डोक्यात रविवार होता.

झालं होतं असं, की सकाळी चालायला येणाऱ्या आमच्या मंडळाला मी शेत दाखवायचं कबूल केलं होतं. ग्रुपवर रोज फोटो टाकत होते. "फुलं आली की या," असं आमंत्रण दिलं होतं. चार्टपेपरवर नत्राचं चक्र काढलं होतं, बाण लाल स्केचपेनने. तीस वर्षांत मुलांनी माझा तास कधी आपणहून मागितला नव्हता, आणि इथे पंधरा मोठी माणसं स्वतःच्या पायांनी येणार होती. मी काकीला म्हटलं, "चार दिवसांनी काय होतंय? रविवार होऊ दे, सोमवारी पुरू."

तिने नखाचा चीक लुगड्याला पुसला. मग म्हणाली, "जमीन तुमची हाय, बाई."

त्या रविवारी एवढा पाऊस झाला, की कुणी घराबाहेर पडलं नाही. शहाण्या बाईने सोमवारी धैंचा पुरला असता. मी सहल पुढच्या रविवारी ढकलली.

पुढच्या रविवारी ऊन पडलं आणि धैंचा असा पिवळा फुलला, की मलाच भरून आलं. मंडळी आली. माझा चार्ट दमट हवेत गुंडाळी होऊन बसला, तो दोघांनी दोन बाजूंनी धरला. मी बोलले, भरभरून बोलले. एका बाईंनी फुलांत उभं राहून सतरा फोटो काढून घेतले. एका काकांनी हात वर केला. मला वाटलं, नत्राबद्दल विचारणार. त्यांनी विचारलं, "मॅडम, ही जागा एनए होईल का, प्लॉट पाडायला?" मग सगळ्यांनी वडापाव खाल्ले आणि टाळ्या वाजवल्या. काकी बांधावर बसून सगळं बघत होती. टाळ्या वाजल्या तेव्हा तीही वाजवू लागली. आज ते आठवलं, की मला तोंड लपवावंसं वाटतं.

सोमवारी पॉवर टिलर आला. खोडं अंगठ्याएवढी जाड आणि टणक झाली होती. ती पात्यांना गुंडाळली जायची, टिलर घरघरून बंद पडायचा, काकीचा नवरा कोयत्याने पाती मोकळी करायचा, की पुन्हा तेच. दोन दिवसांचं काम पाच दिवस चाललं. तरी अर्धा धैंचा चिखलातून काटक्यांसारखा वर डोकावत राहिला. तो कुजायला वेळ हवा होता, आणि वेळ मी फोटोंत घालवला होता. वाफ्यातली रोपं वय होऊन पिवळी पडत चालली होती. शेवटी तशाच चिखलात लावणी उरकली.

पंधरा दिवसांनी मी गेले तर पाण्यातून बुडबुडे येत होते. पाऊल टाकलं की भसाभस वर यायचे आणि सडका वास सुटायचा. ते काय आहे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तुंबलेल्या पाण्याखाली पाला कुजला की मिथेन निघतो आणि हवा तापवायला तो धुरातल्या कार्बनपेक्षा कितीतरी जबर असतो, हे मी दर वर्षी नववीला शिकवलं होतं, शिवाय पेपरातही विचारलं होतं. काकीचा चार दिवसांचा राब बंद करून मी शेतभर गॅसची शेगडी पेटवली होती. भाताची पानं पिवळी होती, आणि रोप उपटून बघितलं तर मुळं काळी.

काकीने फावडं घेतलं, खालच्या अंगाचा बांध फोडला आणि सगळं पाणी सोडून दिलं. लावणी झालेल्या शेतातलं पाणी सोडायचं, या कल्पनेने मी घाबरले. ती म्हणाली, "जमिनीचा जीव गुदमरलाय. वारा लागू द्या तिला." तीन दिवस तिने शेत उघडं ठेवलं, चिखलाला भेगा पडायला लागल्या तेव्हा पाणी पुन्हा अडवलं. पुढे आणखी दोनदा तसंच केलं. बुडबुडे थांबले, नवी पांढरी मुळं फुटली. तिने भाताचा जीव वाचवला, आणि वर जाणारा मिथेनही अडवला. तिला हे मिथेनचं माहीत नव्हतं, आणि ते सांगायला माझी जीभ रेटली नाही.

तरी उशीर तो उशीरच. दिवाळीला कापणी झाली, मळणी झाली, आणि भात दर वर्षीच्या निम्म्यालाही आलं नाही. मी माझा वाटा घेतला नाही. त्यात मोठेपणा कसला, तो घशाखाली उतरला नसता म्हणून घेतला नाही. सगळं भात तिच्या घरी गेलं तरी कणगी अर्धी रिकामीच राहिली. मी पैसे पुढे केले तर तिने माझा हात नुसता बाजूला केला. मी म्हटलं, "काकी, या वर्षी भट्टीवर जाऊ नकोस." ती म्हणाली, "मंग खाऊ काय, फुलं?" आणि स्वतःच मोठ्याने हसली.

जायच्या आधी तिने कापलेल्या शेतात वाल टोचले. भाताच्या उरलेल्या ओलीवर येतात ते. मग दोघंही भट्टीवर गेली.

त्या वर्षीचे वाल मी विसरणार नाही. माती काळीभोर, हाताने भुगा व्हावी अशी. गाडलेल्या खोडांचा आता मागमूस नव्हता, चिमूटभर माती उकरली तरी गांडूळ निघायचं. वेल बांधापर्यंत पसरले, शेंगांनी लगडले. धैंच्याने शब्द पाळला होता. फक्त ते जिने बघायचं ती घरी नव्हती. शेंगा तोडायला मीच गेले, अनवाणी, पहिल्यांदाच आपणहून.

पिशवीभर शेंगा घेऊन मी भट्टीवर गेले. काकी विटा उलटत होती. मला बघून उठली, आणि उठताना खोकली. तो तोच जुना खोकला होता. मागे भट्टीचा धूर एकसारखा वर जात होता, अडीच महिने झाले होते आणि अजून कितीतरी महिने जाणार होता. तिने माझी नजर बघितली आणि खरोखर काळजीने विचारलं, "बाई, आपल्या शेताचा धूर तर वाचला ना?"

मी म्हटलं, "वाचला, काकी." मग जे कितीतरी दिवस मनात होतं ते बोलले. "चूक माझी झाली. तुम्ही सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही." मी तिला तुम्ही म्हटलं, ते तिच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे.

तिने पिशवीत हात घातला, एक शेंग काढली, आणि विटांच्या मातीने भरलेल्या अंगठ्याचं नख तिच्यात रुतवलं. नख सहज आत गेलं.

"कवळी हाय," काकी म्हणाली. "येळेवर तोडलीत, बाई."