कडू घास
बेसनाला लसणाची फोडणी पडली की आई गेली ती दुपार आठवते. आईला पोचवून माणसं परतली होती. आमची चूल थंड होती आणि मंगरूळपीरच्या गाडीने आलेल्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला रडू येत नव्हतं. तसं काहीच जाणवत नव्हतं. तेवढ्यात शेजारची काकू पदराने झाकलेला जेवणाचा गंज घेऊन आत आली. मयताच्या घरी त्या दिवशी शेजारीपाजारी जेवण आणतात, त्याला आमच्याकडे कडू घास म्हणतात. "घे वं माय, दोन घास तरी खाय," काकू म्हणाली. पातळ बेसन आणि ज्वारीची गरम भाकर होती. कडू काहीच नव्हतं. आई करायची तसंच तिखट, तसंच बुडाशी थोडं लागलेलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मी ताटली पुसून खाल्ली आणि म्हणाले, "काकू, आजून वाढ." बायकांनी माना वर केल्या. काकूने माझ्या पाठीवर हात ठेवला. "कडू घास दुसऱ्यांदा मांगत नसतात, माय. मंग तो घरात पुन्हा येते." मी ताटली खाली ठेवली. भूक तशीच राहिली, आणि त्या दिवशी मला जाणवली ती तेवढीच. आता माझ्या घरी बेसन झालं की मुलीच्या ताटातली भाकर संपत आलेली दिसताच मी दुसरी वाढते. "आई, मांगू त दे वं," ती हसत म्हणते. मी मागू देत नाही.