तीनशे चाळीस ग्रॅमचा डबा

आमच्या डोंगर भटकण्याच्या दिवसांत दोन कामं ठरलेली होती. सामान मोडलं की दुरुस्त करायचं काम माझ्या मित्राचं आणि सामानाचं वजन करायचं माझं. निघायच्या आधी मी ताणकाटा घेऊन प्रत्येकाची सॅक उचलून बघायचो आणि नको ते बाहेर काढायला लावायचो. मित्राकडे एक पत्र्याचा चपटा डबा असायचा. त्यात भोकं पाडायची आरी, दाभण, मेण लावलेला जाड दोरा, लहान पक्कड, तांब्याची तार आणि सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या. डबा तीनशे चाळीस ग्रॅम भरायचा. "हा ठेव घरी," मी दर वेळी म्हणायचो. तो म्हणायचा, "तुझा हिशेब सुटला तर मला शिवता येणार नाही. पण तुझा पट्टा सुटला तर येईल."

आणि पट्टे सुटायचेच. तंबूची काठी वाकायची, स्टोव्हचा वायसर कोरडा पडायचा, सॅकची शिवण खांद्यापाशी उसवायची. तो दगडावर मांडी घालून बसायचा, जीभ किंचित बाहेर काढायचा आणि शिवायचा. घरी परतल्यावर दोर गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवायचा. दोराला अडकवायच्या कड्यांच्या बिजागरीत मेण सोडायचा, कारण उरणच्या खाऱ्या हवेत लोखंडच काय, ॲल्युमिनियमसुद्धा जाम होतं. आमच्यापैकी कुणी चिखलाचे बूट तसेच पिशवीत कोंबले तर दोन दिवस ऐकवायचा.

मग नोकऱ्या, मुलांच्या शाळा, आईवडिलांची दुखणी. मी अलिबागला राहिलो, तो उरणला. गेली नऊ-दहा वर्षं आमचं डोंगरात जाणं बंदच होतं. म्हणून मागच्या दिवाळीनंतर त्याचा फोन आला तेव्हा मला नवल वाटलं.

"तळगडावर जाऊ," तो म्हणाला. "या थंडीत."

"पुढच्या वर्षी रिटायर झालो की निवांत जाऊ की."

"पुढच्या वर्षीचं मला सांगू नको. या वर्षी जमतंय. माझ्या पायांनी, कुणी हात न धरता."

तो उरणजवळच्या करंज्याहून लाँचने रेवसला आला. मी गाडी घेऊन धक्क्यावर उभा होतो. धक्क्यावरच्या टपरीत चहा घेतला तेव्हा त्याने कप दोन्ही हातांनी धरला, तरी बशीत चहा सांडला. मी बघितलं हे त्याने बघितलं. "डॉक्टरने गोळ्या दिल्यात," एवढंच म्हणाला आणि हात खिशात घातले. मला फोनवरचं बोलणं तेव्हा कळलं.

रोह्यावरून पायथ्याच्या तळा गावात पोचेपर्यंत तो खुशीत होता. पायात तेच जुने बूट होते, चामड्याचे, उंच घोट्याचे. नव्यासारखे दिसत होते. दर पावसाळ्याआधी पॉलिश करून, आत कागद भरून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवत आलो, असं त्याने मला अभिमानाने सांगितलं. इतक्या वर्षांत एकदाही पायात घातले नव्हते.

गडाची वाट तासाभराची. निम्म्यावर आलो तेव्हा त्याच्या मागे वाटेवर काळा चुरा पडलेला मला दिसला. आधी वाटलं कोळसा असेल. पुढच्या दहा पावलांत उजव्या बुटाचा तळवा टाचेकडून सुटला आणि जिभेसारखा लोंबायला लागला. मी वाकून बघितलं. चामडं शाबूत होतं, खालचं रबर शाबूत होतं, पण दोहोंच्या मधला फोम बोटाने दाबला की बिस्किटासारखा चुरत होता. डाव्या बुटाची टाचही दबत होती.

तो दगडावर बसला. बूट काढून उलटा धरला.

"आपण चिकटवू," मी म्हणालो.

"भुग्याला काय चिकटवणार?" तो म्हणाला. "न वापरता ठेवले म्हणून मेले हे. पायात असते तर अजून चालले असते." मग म्हणाला, "तू जाऊन ये वर. मी इथे बसतो."

"डबा आणलायस का?"

त्याने सॅकमधून डबा काढला. झाकण त्याला उघडेना. मी हात पुढे केला नाही, त्यानेच शेवटी डबा माझ्या मांडीवर ठेवला. दाभणात दोरा ओवायला त्याने एकदा हातात घेतला, दोराही हलत होता आणि दाभणही. तो हसला. "आता हिशेबनीस शिवणार."

मग मी शिवलं आणि तो बोलत राहिला. आधी सगळा भुगा खरवडून काढ. तळवा चामड्याला घट्ट दाबून धर. आरीने पुढच्या कडेला भोकं पाड, तिरकी नको. दोरा आतून बाहेर. ओढ, अजून ओढ.

"एवढे लांब लांब टाके? तू बूट शिवतोस की गोधडी?"

"सेंटिमीटरला एक टाका पुरे," मी म्हणालो.

"पट्टी आणतोस का मोजायला?"

पुढची कड शिवून झाल्यावर मधोमध आणि टाचेला ट्यूबच्या पट्ट्या ताणून बांधायच्या होत्या. मी गाठ तळव्याखाली मारली. त्याने ती सोडायला लावली, कारण खालची गाठ दगडावर घासून तुटते. गाठ बाजूला, नाडीच्या हुकाला अडकवून. डाव्या बुटालाही तसंच, सुटायच्या आधीच.

सरपणाची मोळी घेऊन एक बाई खाली उतरत होती. थांबून बघत राहिली. "काय झाला भाऊ? बुटाला पट्ट्या?"

"मोडलंय पाऊल बुटाचं," मित्र म्हणाला.

"मंग दवाखाना खाली हाय, वर न्हाय," ती म्हणाली आणि हसत निघून गेली.

तो उठला. दोन पावलं टाकून बघितली, पाय आपटून बघितला. मग वरच्या दिशेने चालू लागला. मी मागे राहिलो आणि त्याच्या टाचांकडे बघत चढलो. शेवटच्या खडकातल्या चढाला त्याने कातळ धरला, माझा हात नाही. वर पाण्याच्या टाक्यापाशी बसून आम्ही जेवणाचा डबा खाल्ला. खाली मांदाडची खाडी चकाकत होती. तो खाडीकडे कमी आणि बुटावरच्या माझ्या टाक्यांकडे जास्त बघत होता. "तिसरा टाका सैल आहे," म्हणाला. उतरायच्या आधी तो मी पुन्हा घातला.

संध्याकाळी रेवसच्या धक्क्यावर मी म्हणालो, "डबा माझ्याकडे राहू दे आता."

"डबा माझ्याकडेच राहील," तो म्हणाला. "हात तू आण. आणि दोरा संपलाय, तो आण. म्हणजे परत तीनशे चाळीस भरेल." ट्यूबच्या पट्ट्या बांधलेल्या बुटांनी तो लाँचमध्ये चढला.

घरी आल्यावर मी माझे बूट माळ्यावरून काढले. तेही प्लॅस्टिकमध्येच होते. तेव्हापासून रोज सकाळी ते घालून दूध आणायला जातो. बायको म्हणते, "डेअरीला चाललात की गडावर?" मी टाच दाबून बघतो. अजून घट्ट आहे. दोरा आणून ठेवलाय.