आठातला एकच कोर

बायांनो, आज माझ्या संशयी स्वभावानं माझीच फजिती केली.

देवीच्या अन्नदानाची यादी मी एका जुन्या प्रोग्राममध्ये ठेवते. तो नव्या कॉम्प्युटरवर चालत नाही, म्हणून दुरुस्तीवाल्या पाटीलभाऊंनी कॉम्प्युटरच्या आतच दुसरा, व्हर्च्युअल कॉम्प्युटर बसवून दिला. तेव्हापासून एक नाव उघडेपर्यंत माझी जपाची एक माळ होते. अन् यादी तर आज संध्याकाळीच मंदिरात द्यायची!

मला वाटलं, यांनी नक्की एखादा पार्ट काढून नेला. बोलावून घेतलं अन् त्यांच्या हातांवर नजर ठेवून बसले.

"काकू, प्रोसेसरचे आठही कोर, म्हणजे काम करणारे आठ भाग, जागेवर हायेत, स्क्रीनवर बघा. आतल्या मशीनला एकच दिलाय. तो एकटा राबून राहिला, बाकीचे बसून."

"मग एकच का दिला?"

"तुम्हीच म्हणलात की! किती देऊ इचारलं, तर म्हणे एकच द्या, बाकीचे उगी झिजतील."

हाव, मीच म्हणले होते.

त्यांनी आतलं मशीन बंद करून चार कोर दिले. यादी लगेच उघडली. मी त्यांच्या चहात साखर जरा जास्तच घातली.

जाताना ते हसून म्हणाले, "काकू, आठ हायेत का, पुन्हा मोजून घ्या."

खरं सांगू? ते गेल्यावर मी मोजले. तुम्ही नसते मोजले का?