पाठमोऱ्या बाईचं कव्हर

देवणीजवळच्या खेड्यातली एक म्हातारी जात्यावरच्या ओव्या गायची. नांदेडच्या माझ्या एका मित्रानं त्या रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. ती गेल्यावर त्यानं त्यांची जुन्या ग्रामोफोनसारखी काळी तबकडी काढायची ठरवली. कव्हरचं चित्र माझ्याकडे आलं. मी अहमदपूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवते.

म्हातारीला मी कधी पाहिलं नव्हतं. फोटो एकच, आधार कार्डावरचा. त्यातलं तोंड कुणाचंही असावं इतकं काळवंडलेलं. म्हणून मी मोबाईलवर तिचा आवाजच ऐकत राहिले, भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना. ओवीच्या मध्येच ती थांबायची, कुणाची तरी चाहूल घेतल्यासारखी. पुढे पुढे मोबाईल बंद असला तरी माझा हात मध्येच थांबायला लागला. चेहरा मात्र दिसेना. शेवटी मी तिला पाठमोरी काढली. जात्याशी बसलेली, समोर भिंत.

चित्र घेऊन आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. तिच्या दोन्ही लेकी आल्या होत्या. धाकटीनं बघताक्षणी मान हलवली.

"न्हाई बाई. माय आमच्याकडं पाठ करून कधीच बसली न्हाई."

मी चित्र गुंडाळायला लागले, तर थोरलीनं माझा हात धरला.

"बसली होती. मी पहिल्यांदा नांदायला निघाले तवा. दारात जीप उभी, सगळे रडून राहिलेले, अन् ही जात्यापाशी. म्या लई हाका मारल्या. वळलीच न्हाई."

"कधी बोलली न्हाईस," धाकटी म्हणाली.

"काय बोलायचं?"

मित्रानं हळूच विचारलं, "दुसरं काढू या का?"

"ऱ्हाऊ द्या," थोरली म्हणाली.

कव्हर तसंच छापलं. मूळ चित्र थोरलीनं मागून नेलं. तबकडी वाजवायचं यंत्र तिच्याकडे नाही. अधूनमधून तिचा फोन येतो. परवा म्हणाली, "बाई, घरात कुणी नसलं की मी अजून हाक मारते तिला."

"मग?"

"मग काय. घडीभर चित्राकडं बघत उभी ऱ्हाते."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ दाराकडे तोंड करून बसले.

मित्राची आता दुसरी तबकडी निघतेय. ही गाणारी कंधारला असते, हिंडतीफिरती आहे. गेल्या रविवारी मी बसनं गेले आणि तिला अंगणात समोर बसवून दुपारभर तिचा चेहरा काढत राहिले.