उघड्या झाकणाचे साडू

झाकणाचा इतका मनापासून द्वेष करणारा माणूस आमच्या थोरल्या साडूंशिवाय अख्ख्या रत्नागिरीत दुसरा सापडायचा नाही. झाकण म्हणजे कुठलंही. घरात नवा मिक्सर आला की तो आधी उलटा होतो, त्याचे स्क्रू निघतात, आत काय आहे ते पाहून साडूंचं समाधान होतं आणि मग चटणी होते. किंवा होत नाही, कारण एक स्क्रू उरलेला असतो. गणपतीपुळ्याला एका खाणावळीत मोदकाच्या सारणात काय काय घातलंय याची त्यांनी इतकी कसून चौकशी केली की मालकाला ते सरकारी तपासनीस वाटले आणि त्याने आमच्याकडून पैसेच घेतले नाहीत. "बघा साडूभाऊ," बाहेर पडताना ते मला म्हणाले, "उघडेपणाचे फायदे." त्यांना दाद दिली नाही ती एकट्या आमच्या सासूबाईंनी. त्या केळशीच्या. त्यांच्या माशाच्या मसाल्यात काय असतं हे साडू लग्न झाल्यापासून विचारत होते आणि प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळत होतं, "मी आहे ना करून घालायला? मग तुम्हाला कशाला हवंय?" पुढे सासूबाई गेल्या. मसालाही गेला.

अशा माणसाला देवाने संगणक दाखवायला नको होता. मासळी आणि आंब्याचा पल्प परदेशी धाडणाऱ्या एका कंपनीतले संगणक साडू सांभाळतात. सॉफ्टवेअरच्या जगात दोन जाती आहेत, हे त्यांनी लग्नाच्या पंगतीतही पुष्कळांना समजावलं आहे. पहिली ओपन सोर्स: तिची आतली सगळी रचना जगाला उघडी, कोणीही पाहावी, बदलावी, फुकट वापरावी. दुसरी झाकणबंद: दरवर्षी परवान्याचे पैसे भरा आणि आत काय चाललंय ते विचारू नका. "त्यांना किंमत विचारली तर म्हणतात, मीटिंग ठेवू," साडू शेजारच्या पानावरच्या गृहस्थांना सांगत असतात. "अहो, मिरकरवाड्याच्या बंदरावर सुरमईचा भाव तोंडावर सांगतात!" तोवर मठ्ठ्याचा वाढपी पुढे निघून गेलेला असतो आणि गृहस्थ त्याच्या पाठीकडे बघत असतात.

कंपनीचे कागद निरनिराळ्या संगणकांत विखुरलेले. त्यांतून हवा तो शोधून देणारं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर साडूंनी बसवलं. काम सोपं नव्हतं, कारण कागदात काय आहे त्यावरून त्याला नाव द्यायची या हापिसात पद्धतच नाही. तो ज्याने मागितला त्याचं नाव त्याला पडतं. दुबईच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाच्या कंपनीचं नाव कोणालाही धड येत नाही. तिचे मालक मूळचे आपल्या दाभोळचे, म्हणून सगळ्यांचे चाचा. त्यांच्या मालाचा प्रयोगशाळेतला अहवाल म्हणजे 'चाचांचं'. दुरुस्त केलेला 'चाचांचं नवीन'. शेवटी मान्य झालेला 'चाचांचं नवीन खरं'. कोण कोणाचं काय, हे साडूंनी कित्येक संध्याकाळी खपून त्या सॉफ्टवेअरला शिकवलं. आमची मेहुणी म्हणते, "थोरलं अपत्य ते. आमची पोरं मागाहून."

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना कंपनीच्या मालकांनी, म्हणजे शेठनी, पुण्याहून एका झाकणबंद सॉफ्टवेअरच्या विक्रेत्या बाईंना बोलावलं. बाईंनी पडद्यावर ढग, बाण आणि हसणारी माणसं दाखवली. दोन्ही सॉफ्टवेअर काही दिवस शेजारी शेजारी चालवायची आणि सरस ठरेल ते ठेवायचं, असं ठरलं. साडूंची झोप उडाली. हरलो तर आपलं सॉफ्टवेअर पुसून टाकणार, हे त्यांना दिसत होतं. सामन्याच्या दिवशी तटस्थ साक्षीदार म्हणून ते मला घेऊन गेले. जो स्वतः मिक्सर खोलत नाही तो त्यांच्या हिशेबी तटस्थ.

शेठनी स्वतः टाइप केलं, 'चाचांचा रिपोर्ट'. पुण्याच्या सॉफ्टवेअरने पापणी लवायच्या आत, अतिशय देखण्या चौकटीत, शेठच्या सख्ख्या चुलत्यांच्या निधनाची सूचना पुढे केली.

"अवो बाई," शेठ म्हणाले, "हे चाचा वारले. मला जिवंत हवेत."

साडूंच्या सॉफ्टवेअरने थोडा विचार केला आणि एका ओबडधोबड ओळीत 'चाचांचं नवीन खरं' काढून दिलं. शेठ हसले, बाईही हसल्या. येताना साडूंनी पेढे घेतले आणि खवा कुठला हे दुकानदाराला विचारलंसुद्धा नाही.

पुढच्याच आठवड्यात साडूंचं अपेंडिक्स सुजलं. ते ऑपरेशनच्या टेबलावर आणि इकडे त्यांचं सॉफ्टवेअर ठप्प. चाचांच्या कंटेनरचा एक कागद सापडेना. हापिसातून फोनावर फोन. भूल पुरती उतरलेली नसताना साडू पलंगावरून सूचना देऊ लागले, तेव्हा नर्सने फोन काढून घेतला. बोट गेली, कंटेनर धक्क्यावर राहिला.

शेठ शहाळी घेऊन भेटायला आले. बराच वेळ तब्येतीचं बोलून झाल्यावर म्हणाले, "भाऊ, तुमचं मशीन सगळ्या दुनियेला उघडं, मला मान्य. पण माझ्या हापिसात ते उघडणारे तुम्ही एकटे. तुम्ही झोपलात की बसलं झाकण. पुण्याला फोन केला तर कोणीतरी उचलतो तरी."

साडूंना प्रत्येक मुद्द्यावर प्रतिवाद असतो. ते उशीवरून उठू लागले, तेवढ्यात शहाळं सोलता सोलता मेहुणीच म्हणाली, "म्हणजे आईच्या मसाल्यासारखंच झालं की हो तुमचं."

साडू भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. टाके दुखत असतील, असं आम्ही एकमेकांना सांगितलं.

झाकणबंद सॉफ्टवेअर आलं. साडू कामावर परतले ते थेट पुण्याच्या बाईंशेजारी खुर्ची ओढून बसले, आणि चाचा कोणते, 'नवीन' कोणतं, 'खरं' कोणतं, हे सगळं त्यांना सांगून मोकळे झाले. बाई संकोचल्या. "सर, हे तर तुमचं काम आहे."

"उघडं आहे," साडू म्हणाले. "घ्या."

आता शेठनी चाचांचं काही मागितलं की त्या देखण्या चौकटीत बिनचूक तेच येतं. खाली कोपऱ्यात पुण्याच्या कंपनीचं नाव असतं. मी एकदा त्याकडे बोट दाखवलं, तर साडू म्हणाले, "सापडलं ना? मग झालं."

रविवारी ते हल्ली स्वतः माशाचं कालवण करतात. धणे किती, तिरफळं किती, खोबरं कितपत भाजायचं, सगळं मोठ्याने सांगत. दर खेपेला प्रमाण बदलतं, दर खेपेला चव हुकते. परवा पातेल्याला उकळी आली तसे ते ओरडले, "या रे सगळे, बघून घ्या. नंतर म्हणाल, सांगितलं नाही."

आम्ही चुलीभोवती गोळा झालो. साडूंनी झाकण काढलं. वास सासूबाईंचा नव्हता, हे सगळ्यांनाच कळलं. मेहुणीने पुढे होऊन पळीभर चाखलं आणि म्हणाली, "जवळ आलंय."