दोन चापट्यांचा रेडिओ

आमच्या ताईचा नवरा, म्हणजे माझे भाऊजी, हा माणूस सज्जन आहे हे मी आधीच सांगून टाकतो, पुढे सांगायला जमेलच असं नाही. पोटासाठी ते लिफ्ट दुरुस्त करतात आणि उरलेला जन्म जुने, व्हॉल्व्हचे रेडिओ गोळा करतात. महायुद्ध संपल्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांतले, टेबलावर ठेवायचे. त्रेचाळीस आहेत. फ्रिजवर दोन, कपाटावर पाच, पलंगाखाली अख्खी पलटण. पाहुण्यांच्या खोलीत पाहुणा सोडून सगळं मावतं. मी मुक्कामाला गेलो की सोफ्यावर झोपतो आणि तिथेही उशाशी एक असतोच.

हे रेडिओ बटण फिरवल्याबरोबर बोलत नाहीत. आतल्या काचेच्या नळ्या तापायला मिनिटभर लागतं आणि तेवढा वेळ भाऊजी आपल्यालाही बोलू देत नाहीत. "थांब, तापतोय." चहा निवतो, रेडिओ तापतो. मग ते मान वाकडी करून ऐकतात. जराशी खरखर आली की खिशातला स्क्रूड्रायव्हर बाहेर. दुसऱ्याच्या घरी फ्रिज घुरघुरला तरी हा माणूस ताटावरून उठून त्याच्या मागे जातो. गल्लीत त्यांचं नावच पडलंय 'खरखर'.

एका रेडिओला मात्र हात लावायची त्यांना बंदी होती. तो आमच्या बाबांचा. बाबा गेल्यावर ताईने तो नेला आणि स्वयंपाकघरात ठेवला. हा तापल्यावरही मुका राहायचा. बाबा रोज सकाळी त्याच्या उजव्या कुशीवर दोन चापट्या मारायचे, "उठा, महाराज" म्हणायचे, आणि तो खडबडून बातम्या द्यायला लागायचा. मग त्याच हाताने शेजारी झोपलेल्या ताईच्या पाठीवर दोन. मी आधीच उठलेला असायचो, म्हणून मला काही मिळायचं नाही. ते अजून सलतं. आता त्या चापट्या ताई मारायची. "बिघाड नाहीये तो," ती भाऊजींना बजावायची, "सवय आहे त्याची."

गेल्या वर्षी ताई चार दिवस माझ्याकडे राहायला आली आणि मागे भाऊजींची बुद्धी फिरली. ताईला खूश करू म्हणून त्यांनी तो रेडिओ उघडला. आत सोल्डरचा एक टाका सुटला होता. चापटी बसली की तार जागेवर टेकायची, एवढंच. त्यांनी नवा टाका घातला. पन्नास वर्षांचं दुखणं पाच मिनिटांत बरं.

ताईला पोचवायला मीच गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बटण फिरवलं, मिनिटभर थांबली आणि हात उगारला. तेवढ्यात रेडिओ स्वच्छ आवाजात बोलू लागला. तिचा हात तसाच वर राहिला.

"बघ!" भाऊजी म्हणाले. "चापटी नको, काही नको!"

"बाबांचं एवढंच होतं हो माझ्याकडे," ताई म्हणाली. तिने रेडिओ बंद केला आणि त्यावर टॉवेल टाकला.

मला भाऊजींचा असा राग आला की न जेवता निघालो. मग ताईने त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्रेचाळीस रेडिओंच्या घरात चिडीचूप.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. "बाबा नेमके कुठे मारायचे? वर की खाली?"

"खालून चार बोटं. का?"

"टाका परत सोडवतोय."

जन्मभर बिघाड काढलेल्या माणसाला बिघाड घालता येईना. टाका जरा ढिला केला, तर रेडिओ एका चापटीत बोलला. आणखी ढिला केला, तर सहा लागल्या. एकदा दोनांत जमला, पण शेजारच्यांनी दार आपटलं की आपोआप सुरू व्हायला लागला. रोज संध्याकाळी त्या घरातून फटाफट आवाज. शेवटी शेजारच्या आजी आल्या.

"कोण कोणाला मारतंय?"

"मी रेडिओला, आजी."

"का रे? उलट बोलला का?"

"नाही ना. सुलट बोलतोय, तीच तर पंचाईत आहे."

अकराव्या दिवशी मला बोलावणं आलं. साक्षीदार म्हणून. मी आदल्या रात्रीच गेलो, सोफ्यावर झोपलो. सकाळी भाऊजी स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते, चेहरा परीक्षेच्या निकालाला आल्यासारखा. ताईने आमच्याकडे न बघता टॉवेल काढला, बटण फिरवलं. मिनिट गेलं. रेडिओ गप्प. 

ताईने एक चापटी मारली. काही नाही.

दुसरी मारली. रेडिओ खडबडून जागा झाला, बाबांच्या वेळी व्हायचा अगदी तस्सा. माझे डोळे भरून आले, लपवण्यात अर्थ नाही.

ताईने रेडिओच्या कुशीवरून एकदा हात फिरवला. मग वळली आणि तिने भाऊजींच्या पाठीत दोन धपाटे घातले. ते चांगले जोरात होते.

"उठा, महाराज," ती म्हणाली. "चहा ठेवा. तिघांचा."